नळी आतून पुसली का?

"शोभाताई, तुम्ही म्युझियममध्ये नक्की काय करता हो?" जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या प्रत्येक गणपतीत कोणीतरी हा प्रश्न विचारतंच. मी सांगायचे, "विष शोधते." मग समोरच्या बाईचा करंजी तोंडात घालणारा हात मध्येच थांबायचा आणि नवरा आयटीत असलेल्या त्या बिचारीला माझ्याशी पुढे काय बोलावं तेच कळायचं नाही. मला मात्र हे सांगताना दर वेळी उकळ्या फुटायच्या. पस्तीस वर्षं झाली, अजून फुटतात!

आल्झो, म्हणजे आपलं 'तर मग', थट्टा नाही, खरंच विष. जुन्या काळी युरोपातल्या संग्रहालयांमध्ये जगभरातून वस्तू येत. पिसांचे मुकुट, लाकडी मुखवटे, कातड्याच्या पिशव्या, असं काय काय. या सगळ्याला कीड लागते. मग तेव्हाचे लोक काय करायचे, तर त्यावर विषारी पूड मारायचे. आर्सेनिक, म्हणजे आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात ते. पुढच्या काळात आणखी वेगवेगळी कीटकनाशकं आली. कीड मेली, मुकुट टिकला, आणि विषही टिकलं. आता तो मुकुट कोणी हातात घ्यायचा असेल, किंवा ज्यांचा आहे त्यांना परत द्यायचा असेल, तर आधी माझ्यासारखं कोणीतरी लागतं.

मी कऱ्हाडहून रसायनशास्त्र शिकून इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत आले आणि चिकटले ती इथेच, एवढं पुरे. सीव्ही लिहायला बसलेली नाही. जर्मन लोक ज ला य म्हणतात, त्यामुळे शोभा जाधवची फ्राऊ याधव झाले, तेही चालवून घेतलं.

गिऱ्हाइकं एकेक भारी यायची. एक आजीबाई पेंढा भरलेला पोपट घेऊन आल्या होत्या. वडिलांनी आणलेला. लहानपणापासून तो जेवणाच्या टेबलावर, आणि दर ख्रिसमसला त्याच्या डोक्याची पापी! मोजलं तर पोपट आर्सेनिकने नुसता माखलेला. मी घाबरत घाबरत सांगितलं. त्यांनी पोपटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फ्राऊ याधव, मी ब्याण्णव वर्षांची आहे. आता या वयात याच्याशी भांडू का?" काचेच्या हंडीखाली ठेवायचं कबूल करून पोपटाला बगलेत मारून त्या गेल्या.

मोजायचं हत्यार म्हणजे हातात धरायचं एक्स-रेचं यंत्र. दिसायला केस वाळवायच्या ड्रायरसारखं, पण आम्ही त्याला पिस्तूल म्हणतो. वस्तूवर टेकवायचं, मिनिटभर धरायचं, पडद्यावर रेघ उमटते. आर्सेनिक असेल तिथे रेघ ताठ उभी राहते. पण एक लक्षात ठेवा, पिस्तुलाला समोरचं दिसतं, जाड भिंतीपलीकडचं दिसत नाही. मोजून झालं की फॉर्म्युलार भरायचा. हाताला धोका आहे का, कपड्यांना आहे का, खोलीतल्या हवेला आहे का, असे तीन रकाने. खाली निकाल. धोका नसेल तर 'उनबेडेंक्लिश', म्हणजे काळजीचं कारण नाही, आणि माझी सही. तो फॉर्म्युलार मीच तयार केलेला. दुसऱ्या संग्रहालयांनी तो मागून नेला होता. मला त्याचा किती अभिमान होता, काय सांगू!

आता मुख्य गोष्ट.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना ॲमेझॉनच्या जंगलातून, पेरू आणि ब्राझीलच्या सीमेजवळच्या एका जमातीकडून पत्र आलं. जमातीचं नाव छापू नका असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून छापत नाही. आमच्या डेपोत, म्हणजे तळघरातल्या साठवणीच्या खोल्यांमध्ये, त्यांच्याकडून शंभरेक वर्षांपूर्वी आणलेल्या चाळीसेक नळ्या होत्या. तपकिरीच्या नळ्या! हो, तपकीर. आपल्याकडे चिमटीने ओढतात, त्यांच्याकडे ती एकमेकांच्या नाकात फुंकतात. एक पाय लांब, एक आखूड, अशी कोनात जोडलेली हाडाची नळी. लांब टोक फुंकणाऱ्याच्या ओठात, आखूड टोक घेणाऱ्याच्या नाकपुडीत. त्यांना एक विशिष्ट नळी परत हवी होती. आमच्या मंडळाने होकार दिला होता. राहिला होता फक्त माझा कागद.

बुधवारी दोघं आली. सत्तरीपुढचे एक गृहस्थ, आणि त्यांची नात इनेस, पंचविशीची, चुणचुणीत, फाडफाड इंग्रजी बोलणारी. ती त्यांना तिच्या भाषेत आजोबाच म्हणायची, म्हणून मीही त्यांना आजोबाच म्हणते. आम्ही पांढऱ्या फोमवर सगळ्या नळ्या मांडल्या होत्या. आजोबा टेबलाच्या कडेने सावकाश चालत गेले. कुठल्याही चिठ्ठीकडे पाहिलं नाही. एकविसाव्या की बाविसाव्या नळीपाशी थांबले आणि बोट दाखवलं.

"हीच," इनेस म्हणाली. "आजोबांच्या आजोबांची."

"कशावरून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

जोडावर दोरा गुंडाळलेला असतो, त्यावर डिंक. बाकी सगळ्या नळ्यांवर तो एका बाजूने फिरवलेला, हिच्यावर उलट. आजोबांचे आजोबा डावखुरे होते! अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. कारण वीस वर्षांपूर्वी या नळीची नोंद मीच केली होती, आणि माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'दोऱ्याची दिशा उलट.' वीस वर्षं ते मला ठाऊक होतं, आणि काय ठाऊक आहे हेच ठाऊक नव्हतं. इनेसने रजिस्टरमध्ये सही केली तीही डाव्या हाताने. आजोबा माझ्याकडे बघून मिश्कील हसले.

मग त्यांनी सांगितलं की ही नळी काचेत ठेवायला नेत नाहीयेत. शनिवारी सकाळी दहाला आमच्याच अंगणात, अक्रोडाच्या झाडाखाली, तिला जागं करायचं. ते इनेसला फुंकणार. त्यांना त्यांच्या आजोबांनी याच नळीच्या जोडीदार नळीने पहिल्यांदा फुंकलं होतं. घरी इतरही नळ्या आहेत, पण पहिला श्वास या नळीतून गेला तर तो माणसांची एक आख्खी रांग ओलांडून इनेसपर्यंत पोचतो, असं ते म्हणाले. सोमवारी विमान.

गुरुवारी मी मोजायला बसले तेव्हा दोघंही कार्यशाळेत आली. मी मोजत होते आणि मधून मधून प्रश्न विचारत होते, गप्प बसवेना मला! तंबाखूची पानं विस्तवावर वाळवायची, कुटायची, फडक्यातून वस्त्रगाळ करायची, त्यात एका झाडाच्या सालीची राख मिसळायची. पलीकडच्या काही जमाती बिया कुटून घेतात, त्याने भास होतात, पण यांची तशी नाही, फक्त तंबाखू आणि राख. फुंकणाऱ्याच्या मनात राग असेल तर त्याने त्या दिवशी फुंकायचं नाही, कारण तो राग घेणाऱ्याच्या डोक्यात जातो.

आमच्या कार्यशाळेचा प्रमुख हूबर, बव्हेरियातला गडी, हे ऐकून खुलला. बव्हेरियात तपकिरीचा मोठा शौक. त्याने खिशातून डबी काढली, मनगटाजवळच्या खळग्यात चिमूटभर टाकली आणि सुर्रकन ओढली. मग डबी आजोबांपुढे. आजोबांनी वास घेतला आणि नातीला काहीतरी सांगितलं. ती हसू दाबत म्हणाली, "ते म्हणतात, यात तंबाखू कमी आणि टूथपेस्ट जास्त आहे."

"गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत हूबर खो खो हसला. खरंच पुदिन्यासारखा भपकारा होता त्याला.

असं हसतखेळत मी नळीवर पाच ठिकाणी पिस्तूल टेकवलं. पाचही ठिकाणी रेघ सपाट. कापसाच्या बोळ्याने बाहेरून पुसून तो बोळाही तपासला. स्वच्छ! माझा तर विश्वासच बसेना इतकी स्वच्छ. हात, ठीक. कपडे, ठीक. हवा, ठीक. उनबेडेंक्लिश, शोभा जाधव. आजोबांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

शनिवारी सकाळी आमच्याकडे चहा चालला होता. माझे सासरे, आबा, तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले होते. वय सत्त्याऐंशी, आणि तपकिरीचे जुने भोक्ते. सासूबाई आयुष्यभर त्यावरून कुरकुरल्या, पण आबांची पितळी डबी काही सुटली नाही. साडेदहाला मी त्यांना म्युझियममध्ये नेणार होते. फुंकताना फक्त डायरेक्टर, हूबर असे मोजकेच लोक; विधी झाल्यावर बाकीच्यांना यायची मुभा होती. आबा सकाळपासून कोट घालून तयार. मी त्यांना सगळं रंगवून रंगवून सांगत होते, नळी कशी, दोरा कसा, मी कसं मोजलं.

आबांनी चिमूट ओढली, रुमालाने नाक पुसलं आणि विचारलं, "शोभा, नळी आतून पुसली का?"

"म्हणजे?"

"अगं, तुझ्या सासूबाईंनी एकदा माझी डबी घासून लखलखीत केली होती. बाहेरून आरशासारखी! आत साबण तसाच. पहिल्याच चिमटीला असा झोंबला म्हणतेस, दिवसभर डोळ्यांतून धारा. तपकीर काय डबीच्या बाहेरून नाकात जाते होय?"

कप माझ्या हातातच राहिला.

आतून मी बघितलंच नव्हतं. पस्तीस वर्षांत कधी कुठल्याच वस्तूच्या आत बघितलं नव्हतं हो! कारण आमच्या धंद्यात वस्तू हातात घेतात, तीही हातमोजे घालून. ती कोणी वापरेल, तिला ओठ लावेल, तिच्यातून श्वास घेईल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच येत नाही. हात, कपडे, हवा. माझ्या त्या नावाजलेल्या फॉर्म्युलारमध्ये नाकाला रकानाच नव्हता. आणि बाहेरून ती नळी एवढी स्वच्छ का, तेही एकदम लख्ख कळलं. कधीतरी प्रदर्शनात मांडताना कोणीतरी तिला छान पुसलं होतं. बाहेरून.

घड्याळात दहाला बावीस मिनिटं कमी. हूबरला फोन लावला, उचलेना. डायरेक्टरला लावला, उचलेना. मग आठवलं, सगळ्यांचे फोन टोपलीत काढून ठेवायचे असं ठरलं होतं. ठरवणारी मीच! "अहो, आबांना ट्रामने घेऊन या!" असं ह्यांना ओरडून सांगितलं आणि घरातल्या सपाता पायात तशाच, सायकल काढली. बासष्टाव्या वर्षी मी डार्मश्टाटच्या चढावर अशी सायकल मारली की शेजारचा पोरगा असता तर थक्क झाला असता. सिग्नल तोडला. इथे पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तोडला. डोळ्यांपुढे फक्त इनेसची नाकपुडी.

अंगणाच्या दारात रखवालदार तोंडावर बोट ठेवून उभा. त्याच्या खांद्यावरून दिसलं, अक्रोडाखाली चटई, इनेस डोळे मिटून बसलेली, आखूड टोक तिच्या नाकाशी, लांब टोक आजोबांच्या ओठांत. त्यांची छाती भरत चालली होती.

"अहो थांबा! थांबा हो!"

मराठीतच ओरडले. जर्मन आठवलंच नाही. सगळं अंगण माझ्याकडे वळलं. आजोबांनी नळी खाली घेतली आणि भरलेला श्वास बाजूला सोडून दिला.

धापा टाकत मी इंग्रजीत सांगितलं, आतून तपासलेलं नाही, चूक माझी आहे. डायरेक्टर पुटपुटले, "फ्राऊ याधव, नंतर बोलू." मी म्हटलं, "नंतर नाही." हूबर तोवर पिस्तूल आणायला पळालासुद्धा. बार्बेक्यूच्या काडीला कापूस गुंडाळला, लांब टोकातून जोडापर्यंत आत सारला, बाहेर काढला. कापूस राखाडी झाला होता. पिस्तूल टेकवलं. एक मिनिट. आणि पडद्यावर आर्सेनिकची रेघ ताडकन उभी राहिली, पोपटाच्याही वर.

कीड आत शिरू नये म्हणून कोणीतरी पूड नळीच्या आतच भरली होती. मी आजोबांना पडदा दाखवला. इनेसला सांगितलं, "त्यांना म्हणावं, ही नळी आता कधीच फुंकता येणार नाही. हाडात मुरलंय. धुऊन जाणार नाही. आणि मी परवा सही केली होती." शेवटचं वाक्य बोलताना मला रडू फुटलं. उगाच कशाला लपवू, फुटलं.

आजोबांनी त्या रेघेकडे पाहिलं. मग नळीकडे. नातीला हळू आवाजात काहीतरी म्हणाले. तिने इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, माझ्या आजोबांचा श्वास यात होता. मला वाटलं होतं तो वाट बघत असेल."

 

नंतर त्यांनी गळ्यातल्या पिशवीतून आपली रोजची नळी काढली. मला वाटलं, आता नातीला देतील. तर त्यांनी चटईवर हात थोपटून मला बोलावलं.

"मला?"

"आजोबा म्हणतात, पळत आलेल्या माणसाने आधी बसावं. तुमच्याकडे आत्ता श्वासच नाहीये, तर थोडा घ्या."

बसले. सपाता काढल्या, मांडी घातली. आजोबांनी तळहातावर चिमूटभर पूड घेतली, नळीत भरली, माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या मनात राग नाही हे त्यांनी मला दाखवून दिलं, असं मी समजते. मग फूस! एका नाकपुडीत, मग दुसऱ्या. अगं आई गं! कपाळातून जाळ निघाला, डोळ्यांतून गंगा-यमुना. वाटलं, आता शिंकांची माळ लागणार. पण शिंक आलीच नाही. छातीतली धडधड मात्र खाली खाली गेली, आणि पहाटेपासून पहिल्यांदाच मला अक्रोडाच्या पानांचा आवाज ऐकू आला. ज्यांच्या नातीला मी जवळजवळ विष पाजलं होतं, त्या माणसाने मला शांत केलं.

एवढ्यात आबा पोचले, कोट, टोपी, हातात डबी. आबांचा प्रश्न मी इनेसला सांगितला आणि तिने आजोबांना त्यांची ओळख करून दिली, "यांनी विचारलं म्हणून." आजोबांनी आबांची डबी उघडली, वास घेतला आणि गंभीरपणे मान डोलावली. हूबरच्या डबीला हा मान मिळाला नव्हता, तो जरा खट्टूच झाला. त्यांनी आबांच्या तळहातावर आपली पूड ठेवली, आबांनी चिमटीने ओढली आणि सातारी आवाजात निकाल दिला, "कडक आहे. पण मालात खोट नाही."

नळी ते घेऊनच गेले. आजोबांनी सोबत आणलेला डिंक आमच्याच शेगडीवर पातळ केला आणि माझे हातमोजे घालून त्याने नळीची दोन्ही तोंडं बंद केली. आजारी माणसाला परक्या गावात सोडून जात नाहीत, म्हणाले. जाण्याआधी त्यांनी एकच गोष्ट मागितली, नळीची मापं. नवी करायची होती, अगदी तशीच. रविवारी मी आणि हूबर दिवसभर बसलो. लांबी, कोन, दोऱ्याचे वेढे, त्यांची उलट दिशा, आणि या खेपेला आतलं भोकही, एक्स-रे काढून, टोकापासून टोकापर्यंत. कागदाची घडी इनेसच्या हातात दिली तेव्हा तिने मला घट्ट मिठी मारली.

त्यानंतर मी माझ्या सहीचे जुने कागद काढून बसले. तोंडाला किंवा नाकाला लागणाऱ्या चार वस्तू परत गेल्या होत्या. चारही ठिकाणी कळवलं. तीन ठिकाणी कपाटातच होत्या. चौथ्या ठिकाणाहून, एका बासरीबद्दल, अजून उत्तर नाही. दर पंधरा दिवसांनी मी विचारते. निवृत्त झाले तरी ते काम माझंच आहे.

फॉर्म्युलारमध्ये आता चौथा रकाना आहे: श्वास. जुना चुकीचा कागद मी फाडू दिला नाही. फाइलमध्ये नव्याला टाचून ठेवलाय, माझ्या सहीसकट. माझ्या जागी आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी तोच दाखवला.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी सकाळपासून नुसती भिरभिरत होते. टेबल आवरा, किल्ल्या द्या, केक कापा, हूबरचं भाषण ऐका. दुपारी इनेसचा फोटो आला. नवी नळी, पांढरीशुभ्र, जोडावर दोरा, वेढे उलट. तिनेच गुंडाळलेला, डाव्या हाताने. शेजारी तोंडं बंद केलेली जुनी. खाली लिहिलं होतं, 'काल आजोबांनी मला फुंकली. पहिल्यांदा. आणि ते विचारतायत, त्या पळणाऱ्या बाई बसल्या का?'

मेसेज मी उभ्याउभ्याच वाचला. मग खुर्ची ओढली आणि बसले.